अंगणातील विटांची फरसबंदी

घर बांधताना भिंती, छप्पर, दारे-खिडक्या यांचा जितका विचार होतो, तितका घरासमोरच्या जमिनीचा होत नाही. घर पुरे होते, हाती थोडे पैसे उरतात आणि मग सारे अंगण सिमेंटने लिंपून टाकले जाते. चिखल गेला म्हणून सर्वांना आनंद होतो. परंतु अंगणात पडणारे पाणी आता जाणार कोठे, हा प्रश्न सहसा कोणी विचारीत नाही. ते रस्त्यावर किंवा शेजाऱ्याच्या दारी जाते आणि परसातील विहिरीच्या वाट्याचे तेवढे कमी होते. यावर एक जुना उपाय आहे. चुना किंवा सिमेंट न वापरता, नुसत्या वाळूवर विटा बसवाव्या. सांध्यांतून सगळे नव्हे, तरी काही पाणी जमिनीत मुरते.

विद्यार्थिमित्रांनो, मोहेंजोदडो येथील महास्नानगृहाविषयी आपण इतिहासात वाचले आहे. त्या कुंडाचा तळ अरुंद बाजूवर उभ्या केलेल्या विटांचा आहे. तेथे पाणी अडवावयाचे होते. म्हणून सांधे जिप्समच्या लेपाने भरले आणि भिंतींमागे डांबराचा थर दिला. आपणांस अंगणात नेमके उलट हवे आहे. वीट तीच, पाणी अडेल की मुरेल हे सांधा ठरवितो.

तथापि विटेहूनही अधिक मान खालच्या भरावाचा. आपल्या बेळगाव जिल्ह्यात पश्चिमेस तांबडी माती, तर पूर्वेस काळी. काळी माती भिजली की फुगते, वाळली की भेगाळते. तिच्यावर थेट बसविलेल्या विटा एका पावसाळ्यातच वर-खाली होतात. म्हणून ती खोदून काढावी आणि मुरूम व खडी थराथराने घालून, पाणी शिंपडून, धुम्मसाने ठोकावी. पायवाटेस १० ते १५ सेंटिमीटर जाडीचा भराव पुरे. मोटार यावयाची असेल तर २० ते २५ सेंटिमीटर हवा. वर सुमारे ३ सेंटिमीटर वाळू पसरून फळीने सारखी करावी. भरावातील खळगे वाळूने बुजविण्याचा मोह मात्र आवरावा. वाळू सरकते आणि खळगा पुन्हा दिसू लागतो. घरापासून बाहेर दर मीटरला २ सेंटिमीटर उतार द्यावा. चोहोबाजूंस दगडाची किंवा काँक्रिटमध्ये रोवलेल्या विटांची पक्की कड नसेल, तर बाहेरच्या विटा हळूहळू सुटतात व त्यांच्यामागून आतल्याही.

वीट पारखणे कठीण नाही. दोन विटा एकमेकींवर आपटल्या असता खणखणीत नाद यावा, नखाने ओरखडा उठू नये. कोरडी वीट तोलून २४ तास पाण्यात ठेवावी व पुन्हा तोलावी. ३ किलोची वीट ३.६ किलोच्या वर गेली, तर ती भिंतीलाही नको, मग अंगणात कशाला?

जुन्या मापाची वीट ९ × ४½ × ३ इंच. ती पालथी घातली तर १०० चौरस फुटांना सुमारे ३५६ विटा लागतात. अरुंद बाजूवर उभी केली तर सुमारे ५३४, म्हणजे दीडपट. पायवाटेस पालथी चालते. मोटारीखाली उभी घालावी, आणि तीही माशाच्या काट्यासारख्या तिरप्या वीणीत. सरळ ओळीतील विटांना चाक पुढे ढकलीत नेते. या वीणीत प्रत्येक वीट शेजारणीला अडवून धरते. रोमन लोकही ही वीण वापरीत. तिचे लॅटिन नाव धान्याच्या कणसावरून आले आहे. अवजड गाड्या येत असतील, तर सिमेंटचे ठोकळे अधिक टिकाऊ. बसविण्याची रीत तीच.

गोव्याकडे राजांगणाला जांभ्याचा चिरा शोभतो. १८०७ साली फ्रान्सिस बुकानन याने या दगडाला नाव दिले, तेही विटेच्या लॅटिन शब्दावरून!

जेथे ऊन पोचत नाही, अशा न्हाणीमागच्या बोळात मात्र वीट घालू नये. तिच्यावर शेवाळ धरते आणि घरातील वृद्ध माणसे घसरतात. तेथे खरबरीत दगडच बरा.

विटा बसल्यावर कोरडी बारीक वाळू झाडूने सांध्यांत भरावी. पहिल्या मोठ्या पावसानंतर ती खाली बसते. मग पुन्हा भरावी. पुढे एखादी वीट खचलीच, तर तेवढीच उचलून खाली मुरूम व वाळू घालावी आणि तीच वीट परत बसवावी.