संगणकाचा पत्ता

आमच्या घरात महाविद्यालयाची पायरी चढणारा मी पहिलाच. राहुरीत विद्यापीठ म्हटले की १९६८ साली स्थापन झालेले कृषी विद्यापीठ. आमच्या आजीच्या लेखी ते बियाणे मिळण्याचे ठिकाण. विद्यापीठाच्या विभागात संगणक एकमेकांना कसे जोडतात हे ठाऊक असण्याचे मला कारण नव्हते. परंतु गेल्या दिवाळीच्या सुटीत अशाच एका विभागात पंधरा दिवस माहिती भरण्याचे काम मिळाले. त्या पैशांवर पुढच्या सत्राची पुस्तके घ्यायची होती.

पहिल्याच दिवशी नवा संगणक आला. ‘जोडशील का?’ असे विचारल्यावर नाही म्हणायची लाज वाटली. तार लावली. तिच्यात आठ बारीक तारा असतात, दोन-दोनांना पीळ घातलेल्या. पिळामुळे एका जोडीतील संदेशाचा दुसरीला उपद्रव कमी होतो. अशी तार साधारण १०० मीटरपर्यंत चालते. हिरवा दिवा लागला. मला वाटले, झाले काम!

पण काही उघडेना. पडद्यावर चार आकडे मागितले होते. मी शेजारच्या मॅडमच्या संगणकावरचे चारही आकडे जसेच्या तसे उतरवले. क्षणात त्यांचे निम्मे भरलेले पान अडकले. माझे हातपाय गारठले. काम गेले असेच धरून चाललो.

सहाय्यक काका रागावले नाहीत. म्हणाले, ‘अरे, एकाच पत्त्यावर दोन घरं असली तर पोस्टमननं कागद कुणाला द्यायचा?’

ते चार आकडे म्हणजे संगणकाचा पत्ता. प्रत्येक आकडा ० ते २५५ मधला, म्हणून एकूण पत्ते सुमारे ४२९ कोटी. जगाला ते पुरत नाहीत. त्यामुळे विभागाच्या आत १९२.१६८ ने सुरू होणारे खाजगी पत्ते वापरतात. तेच पत्ते दुसऱ्या कचेरीतही असतात, पण बाहेर ते चालत नाहीत. बाहेर जाणारा संदेश आधी विभागाच्या वेशीवरच्या यंत्राकडे जातो. ते स्वतःचा बाहेरचा पत्ता लावून तो पुढे धाडते, आणि उत्तर आले की ज्याचे त्याला पोचवते.

मला मुळा धरणाचा कालवा आठवला. कालव्यातून चारी, चारीतून पोटचारी, मग वावर. आमचे वावर चारीच्या शेवटाला, म्हणून पाळीचे महत्त्व घरात सर्वांना कळते. पण उपमा इथे तुटते: वरच्याने पाणी घेतले की खालच्याला कमी पडते, स्विच नावाची पेटी मात्र ज्याचा संदेश त्याच्याच तारेत सोडते. पत्ता चुकला, तरच घोटाळा.

आता बहुतेक ठिकाणी संगणक स्वतःच पत्ता मागून घेतो. त्या विभागात मात्र वहीत नोंद करून हाताने देत.

हे जाळे आपल्या देशात आधी शिक्षणसंस्थांतच आले. १९८६ साली सुरू झालेल्या एर्नेट प्रकल्पात मुंबईचे राष्ट्रीय सॉफ्टवेअर तंत्रज्ञान केंद्र आणि पवईची आय.आय.टी. होती. सर्वसामान्यांसाठी इंटरनेट सुरू झाले ते १५ ऑगस्ट १९९५ रोजी. आमच्या गावच्या घरी ते प्रथम आले माझ्याच मोबाइलमधून.

काकांनी वही पुढे केली. रिकामा आकडा शोधून मी माझ्या अक्षरात नोंद केली. मग मॅडमचे पान पुन्हा भरायला बसलो. मी वाचत होतो, त्या भरत होत्या.