तुर्की भाषेतील विभक्ती व स्वामित्वदर्शक प्रत्यय

प्रथमेपासून संबोधनापर्यंतचा विभक्तींचा पाढा आपण सर्वांनीच शाळेत घोकलेला आहे. पण प्रत्यय नेमके कोणते काम करतो, हा प्रश्न पाठांतराच्या भरात मागे राहतो. तुर्की भाषेची नामरूपे पाहिली की तो पुन्हा समोर येतो.

तुर्कीत ‘एव’ म्हणजे घर. ‘एवलेर’ म्हणजे घरे, ‘एवलेरिम’ म्हणजे माझी घरे आणि ‘एवलेरिमदे’ म्हणजे माझ्या घरांत. क्रम ठरलेला आहे: आधी अनेकवचन, मग स्वामित्व, शेवटी विभक्ती. प्रत्येक प्रत्ययाकडे एकच काम. संस्कृतातील ‘गृहेषु’ या रूपात वचन व विभक्ती एकाच प्रत्ययात मिसळलेली असतात. मराठीत ‘घरात’ आणि ‘घरांत’ हा भेद केवळ अनुस्वारावर उभा आहे आणि बोलताना तोही बहुधा लोपतो. तुर्कीत ‘एवदे’ व ‘एवलेरदे’ यांत असा घोटाळा होत नाही. प्रत्ययातील स्वर मात्र मूळ शब्दातील स्वराशी जुळवून घेतो. ‘ओकुल’ म्हणजे शाळा; म्हणून ‘शाळेत’ हे ‘ओकुलदा’ होते, ‘ओकुलदे’ नव्हे.

‘अलीचे घर’ याला तुर्कीत ‘अलीनिन एवी’ म्हणतात. येथे मालकाला षष्ठीचा प्रत्यय लागतोच, शिवाय घरालाही ‘त्याचे’ या अर्थाचा प्रत्यय लागतो. आपले ‘चा, ची, चे’ वस्तूच्या लिंगवचनाप्रमाणे बदलतात. तुर्कीत व्याकरणिक लिंग नाही. वस्तूला लागलेला प्रत्यय मालकाचा पुरुष सांगतो. म्हणूनच ‘माझे घर’ म्हणायला नुसते ‘एविम’ पुरते.

ही व्यवस्था अगदी निर्दोष आहे असे मात्र नव्हे. ‘एविनदे’ म्हणजे ‘तुझ्या घरात’ आणि ‘त्याच्या घरात’ही! पहिल्या अर्थी ‘एविन’ अधिक ‘दे’. दुसऱ्या अर्थी ‘एवी’ व ‘दे’ यांच्यामध्ये ‘न’ येतो. ‘अलीनिन एविनदे’ म्हटले की संदेह फिटतो.

याच उदाहरणात एक जुना सिद्धान्त डोळ्यांना दिसतो. संस्कृत वैयाकरणांनी षष्ठीच्या संबंधाची गणना सहा कारकांत केली नाही, कारण तो संबंध क्रियेशी नसून दुसऱ्या नामाशी असतो. येथे ‘निन’ अलीला घराशी जोडतो, तर ‘दे’ घराला क्रियेशी. परीक्षेसाठी पाठ केलेला हा नियम एका दूरच्या भाषेने आपल्याला नव्याने समजावून द्यावा, यातच भाषाभ्यासाचा खरा आनंद आहे.