रस्त्यावरची चित्रशाळा

प्रस्तावना

नाटक असो, नृत्य असो वा चित्रपट, खेळ संपला की प्रेक्षक घरी परततात. उरते ती केवळ आठवण. ही आठवण एखाद्या चित्रकाराने भर रस्त्यातील भिंतीवर रंगवली तर? मुंबईत असा प्रयत्न झाला आहे. या पाठात आपण त्याची ओळख करून घेणार आहोत.

फलक रंगवणारे हात

चित्रपट आणि चित्रकला यांचे नाते जुने आहे. कोल्हापूरचे बाबूराव पेंटर आधी नाटकांचे पडदे रंगवीत. पुढे ते चित्रपट निर्माते झाले आणि आपल्या चित्रपटांची भित्तिपत्रकेही त्यांनी स्वतः रंगवली. मकबूल फिदा हुसेन यांनीही उमेदीच्या काळात मुंबईत चित्रपटांचे फलक रंगवले.

फलक रंगवणे हे कष्टाचे काम होते. लहान छायाचित्रावर चौकटी आखायच्या, त्याच प्रमाणात फलकावर मोठ्या चौकटी आखायच्या आणि एकेक चौकट रंगाने भरत जायची. जवळून पाहिले तर नुसते फटकारे दिसत. दुरून मात्र नायिकेचे डोळे बोलू लागत. यंत्रावर छापलेले फलक आले आणि या कारागिरांचे काम हळूहळू संपत गेले.

वांद्र्याच्या भिंती

ही परंपरा वेगळ्या रूपाने पुढे आणली रणजित दहिया यांनी. ते मूळचे हरियाणातील सोनिपत जिल्ह्याचे. तरुणपणी त्यांनी भिंतींना चुना लावण्याचे काम केले. नंतर चंदीगड आणि अहमदाबाद येथे त्यांनी कलेचे शिक्षण घेतले. २०१२ मध्ये त्यांनी मुंबईत 'बॉलीवूड आर्ट प्रोजेक्ट' सुरू केला. वांद्रे येथील एका भिंतीवर 'अनारकली' (१९५३) या चित्रपटाचे चित्र उमटले. २०१४ मध्ये वांद्रे रेक्लमेशन येथील दूरध्वनी कार्यालयाच्या बहुमजली इमारतीवर त्यांनी दादासाहेब फाळके यांचे भव्य चित्र साकारले. ज्यांनी १९१३ मध्ये 'राजा हरिश्चंद्र' पडद्यावर आणला, ते फाळके असे मुंबईच्या रस्त्यावर अवतरले.

फलक आणि भित्तिचित्र

फलक आणि भित्तिचित्र यांत एक महत्त्वाचा भेद आहे. फलक आपल्याला तिकीट काढायला बोलावतो. भित्तिचित्र काहीच मागत नाही. भाजीवाली, हमाल, शाळकरी मूल, सर्वांना ते सारखेच दिसते. त्यासाठी कलादालनाची पायरी चढावी लागत नाही. ऊन-पावसात त्याचे रंग विटतात, कधी भिंतच पाडली जाते. तरीही ते काढले जाते, कारण कला सर्वांची आहे हा विश्वास त्यामागे असतो. शिवाय, चुन्याची कुंचली धरणारा हातच पुढे कलावंताचा हात होऊ शकतो, हेही या भिंती सांगतात. श्रम आणि कला यांच्यामध्ये आपण उभी केलेली भिंत तेवढी पाडायला हवी.

पाठगत प्रश्न

१. फलक रंगवण्याची पद्धत आपल्या शब्दांत लिहा.
२. फलक आणि भित्तिचित्र यांतील फरक स्पष्ट करा.
३. आपल्या गावातील एखाद्या भिंतीवर कोणत्या कलावंताचे चित्र असावे, असे आपणास वाटते? का?