आहारातील चोथा व यकृतातील चरबी

यकृतात चरबी साठण्याचा विकार मद्यपी लोकांना किंवा शहरातील बैठ्या लोकांनाच जडतो, असा समज खेडोपाडी रूढ आहे. तो खरा नाही. मद्यास कधी न शिवलेल्या, इतकेच नव्हे तर अंगाने सडपातळ असलेल्या माणसांतही हा विकार आढळतो. केंद्र सरकारने 2021 साली असंसर्गजन्य रोगांच्या राष्ट्रीय कार्यक्रमात त्याचा समावेश केला, यावरून त्याचे महत्त्व ध्यानी यावे.

निरोगी यकृतात चरबी अगदी थोडी असते. ती शेकडा 5 हून अधिक झाली म्हणजे विकार जडला असे समजतात. या अवस्थेत बहुधा काहीच दुखत नाही, आणि खरा धोका तोच आहे. काही रोग्यांत पुढे यकृतास सूज येते, ते हळूहळू निबर होते व अखेरीस निकामी होते.

ही चरबी केवळ तेलातुपातून येते असे नाही. साखर, मैदा व सडलेला पांढरा तांदूळ यांचे पचन त्वरित होऊन रक्तातील साखर झपाट्याने वाढते. शरीरास लागते त्याहून अधिक साखर आली की यकृत तिची चरबी बनविते. चोथ्यामुळे अन्नातील साखर रक्तात सावकाश उतरते व पोट लवकर भरते.

चोथ्याचे दुसरे कार्य पशुपालकांस समजावून सांगावे लागणार नाही. गाईच्या पोटातील सूक्ष्म जंतू कडबा आंबवून त्यापासून आम्ले तयार करतात व त्यांवरच गाय पोसते. माणसाच्या मोठ्या आतड्यातही, अल्प प्रमाणात का होईना, हेच घडते. आतड्यांतील रक्त प्रथम यकृतात जात असल्याने तेथील बऱ्यावाईट घडामोडींचा परिणाम यकृतावर होतो. चोथ्यापासून झालेली आम्ले आतड्याचे अस्तर सुदृढ राखण्यास उपयोगी पडतात.

अधिक चोथा खाणाऱ्यांत हा विकार कमी आढळतो, असे पाहण्यांत दिसून आले आहे. मात्र असे लोक बहुधा भाजीपालाही अधिक खातात व साखर कमी घेतात. म्हणून सारे श्रेय एकट्या चोथ्यास देणे योग्य नव्हे.

जागतिक आरोग्य संघटनेच्या 2023 च्या शिफारशीनुसार प्रौढ माणसास दररोज निदान 25 ग्रॅम चोथा मिळावयास हवा. 100 ग्रॅम ज्वारीत तो सुमारे 10 ग्रॅम, बाजरीत व नाचणीत सुमारे 11, तर सडलेल्या तांदळात व मैद्यात 3 ग्रॅमहूनही कमी असतो. म्हणजे दिवसाकाठी 200 ग्रॅम पिठाच्या भाकरी खाणारास 20 ग्रॅम चोथा मिळतो. तितक्याच तांदळाचा भात खाणारास जेमतेम 5 ते 6. मटकीची किंवा अख्ख्या हरभऱ्याची उसळ व एखादी पालेभाजी जोडली की भाकरी खाणाऱ्याची गरज सहज भागते. खानदेशात ज्वारी व सालासकट उडीद एकत्र दळून केलेली कळण्याची भाकरी या दृष्टीने उत्तम होय. गव्हाचे पीठ बारीक चाळणीने चाळून कोंडा गोठ्यात पाठविण्याची पद्धत मात्र सोडावी. त्यात गाईचे कल्याण होते, घरच्या माणसांचे होत नाही.

चोथा एकदम वाढवू नये, पोटात वायू धरतो. दोन-तीन आठवड्यांत क्रमाक्रमाने वाढवावा व पाणी भरपूर प्यावे. दिवसातून पाच-सहा वेळा गोड चहा घेणाऱ्याने भाकरीवरच भिस्त ठेवू नये. साखर कमी केल्यावाचून उपयोग नाही. मद्य वर्ज्य करावे. वजन अधिक असल्यास ते शेकडा 7 ते 10 ने उतरविल्यावर यकृतातील चरबी व सूज कमी होते. 70 किलोच्या माणसास हे 5 ते 7 किलो भरते. नांगरट व मळणी यंत्राने होऊ लागल्यापासून ज्यांचे अंगमेहनतीचे काम घटले, त्यांनी हे विशेष ध्यानात ठेवावे.

ग्रामपातळीवरील कार्यकर्त्यांनी मधुमेही व पोट सुटलेल्या व्यक्तींस वैद्यकीय अधिकाऱ्यांकडे पाठवावे. रक्ततपासणी व सोनोग्राफी यांवरून बहुधा निदान होते, परंतु नुसती रक्ततपासणी निर्दोष आली म्हणून विकार नाही असे म्हणता येत नाही. मधुमेहाचे औषध चालू असलेल्यांनी आहारात मोठा पालट करण्यापूर्वी डॉक्टरांस विचारावे. यकृत साफ करण्याच्या नावाने बाजारात विकली जाणारी चूर्णे व काढे डॉक्टरांच्या सल्ल्यावाचून घेऊ नयेत. काहींमुळे यकृतास उलट इजा झाल्याची उदाहरणे आहेत.