भाकरीची लाज कशाला?

पारनेर

प्रिय भाचेबापू,


सुप्याच्या एमआयडीसीत तू कायम झालास, मोटारसायकल घेतलीस, हे तुझ्या आईकडून कळलं. फार बरं वाटलं. चर्चमधल्या हंगामाच्या उपकारस्तुतीला मात्र तू येणार नाहीस म्हणे. कंपनीत कुणी तरी टोमणा मारला की, तुमचे लोक दुष्काळात दाण्यासाठी बाटले. तेव्हापासून देवाचे आभार मानायचे ते फक्त तारणाचे, पगाराचे आणि गाडीचे नाहीत, असं तू ठरवलंयस.

टोमणा जुना आहे, मीही ऐकलाय. १८९६-९७ चा दुष्काळ सरतो न सरतो तोच १८९९-१९०० चा आला. आपला तालुका पर्जन्यछायेतला, इथं बऱ्या वर्षीही पाऊस हात राखून पडतो. त्या दिवसांत अमेरिकन मराठी मिशननं नगर जिल्ह्यात उपाशी माणसांना मदत केली, अनाथ पोरं सांभाळली. रॉबर्ट ह्यूमसाहेबांना त्या कामाबद्दल कैसर-ए-हिंद पदक मिळालं. भुकेली माणसं मिशनच्या दारी गेली, हे खरंच आहे. मग? याकोबाचे मुलगे मिसरात कशाला गेले होते? धान्यालाच ना!

बायबलमधल्या अनुवाद या पुस्तकाचा २६वा अध्याय काढून वाच. पहिल्या पिकाची टोपली याजकापुढे ठेवायची आणि तोंडानं सांगायचं की आमचा पूर्वज भटका होता, आम्ही परमुलखात गुलामी केली, देवानं सोडवलं. टोपलीबरोबर जुनी गरिबीही सांगायची, असा तो नेम. आपल्याकडे उलटा कारभार. रेव्हरंड टिळकांचं नाव प्रत्येक भाषणात येतं. ते चित्पावन, कवी, १८९५ साली बाप्तिस्मा घेतलेले. माणूस मोठाच, वाद नाही. पण जिल्ह्यातल्या मंडळ्या उभ्या राहिल्या त्या महारवाड्या-मांगवाड्यांतून आलेल्या माणसांवर. त्या पणजोबांचं नाव कोण काढतं? मला तर हा सरळ कृतघ्नपणा वाटतो. त्यांच्या पोरांच्या हाती पाटी आली, उपासनेत सगळ्यांबरोबर बसायला जागा मिळाली. हे दान ऐहिक की आध्यात्मिक, तूच ठरव. मला तरी त्याची फाळणी करता येत नाही. प्रभूनं शिकवलेल्या प्रार्थनेतसुद्धा रोजची भाकर आधी मागायची आहे, पापांची क्षमा त्यानंतर.

गेल्या उपकारस्तुतीला तू नव्हतास. वेदीपाशी बाजरीची कणसं, भोपळे, मटकीच्या पुरचुंड्या, पाय बांधलेली एक कोंबडी. उपासना झाल्यावर लिलाव. एका म्हातारीनं एकच अंडं आणलं होतं. ते तीनदा विकलं गेलं, कारण घेणारा पैसे भरायचा आणि अंडं पुन्हा टेबलावर ठेवायचा. तिसऱ्यांदा पाळकच हसायला लागले. त्या अंड्याला तू ऐहिक म्हणून बाजूला काढणार का?

आता दुसरी बाजूही ऐक. हल्ली मोबाइलवर काही प्रचारक सांगतात की विश्वास असेल तर गाडी येते, बंगला येतो. त्यांच्या नादी लागू नकोस. तसं असतं तर पाऊस हुकला त्या वर्षी अख्खा पारनेर तालुका अविश्वासू ठरला असता! हबक्कूक संदेष्टा तर अंजिराला फूल नाही, शेतात पीक नाही, गोठ्यात गुरं नाहीत, अशा वेळी देवाठायी आनंद करतो. गाडीबद्दल आभार मान, पण गाडीला देवाच्या मर्जीचा दाखला समजू नकोस. उद्या हप्ता थकला तरी देव तोच आहे.

पगारातला दशांश पगार हाती येईल त्याच दिवशी बाजूला काढ. महिनाअखेर उरेल त्यातून देऊ म्हटलंस की काही उरत नाही. लाइनवरच्या कंत्राटी पोरांना कधी घरी जेवायला ने. अनुवादाच्या त्याच अध्यायात टोपली वाहून झाल्यावर उपऱ्यालाही आनंदात सामील करून घ्यायला सांगितलंय, ते आपण सोयीनं विसरतो.

आणि त्या टोमणेवाल्याशी भांडू नकोस. हो, आमचे पणजोबा उपाशी होते, त्यांना भाकर मिळाली आणि देवही भेटला, एवढं सांग आणि कामाला लाग.

येत्या रविवारी ये. लिलावात बोली लावायला तरणी माणसं कमी पडतात.

तुझा
मामा