एक मॉनिटर, दोन संगणक

ग्रामीण भागातील कार्यालयांत संगणक येऊन आता पंचवीस वर्षांहून अधिक काळ लोटला आहे. वारणा खोऱ्यात १९९८ साली कोल्हापूर व सांगली जिल्ह्यांतील सुमारे सत्तर गावांसाठी संगणक केंद्रांचा प्रकल्प सुरू झाला. पुढे २०११ च्या सुमारास ‘संगणकीय ग्रामीण महाराष्ट्र’, म्हणजेच ‘संग्राम’, या योजनेतून ग्रामपंचायतींत संगणक पोहोचले आणि २०१६ नंतर त्यांची जागा ‘आपले सरकार सेवा केंद्रां’नी घेतली. शाळांचे संगणक कधी शासकीय योजनेतून, तर कधी लोकवर्गणीतून आले. परिणामी सातारा काय आणि सांगली काय, एकाच कार्यालयात दोन पिढ्यांचे संगणक एका छताखाली नांदत असल्यास त्यात नवल नाही. जुन्यावर विंडोज एक्सपी किंवा विंडोज ७ चालते. नव्यावर विंडोजची पुढची आवृत्ती असते, किंवा परवान्याचा खर्च नको म्हणून लिनक्स. पुण्यात मुख्यालय असलेल्या सी-डॅक या संस्थेने २००७ पासून उपलब्ध करून दिलेली ‘बॉस’ ही लिनक्सवरच आधारलेली भारतीय कार्यप्रणाली होय.

कार्यप्रणाली म्हणजे ऑपरेटिंग सिस्टीम. यंत्राचे सुटे भाग आणि त्यावर चालणारे कार्यक्रम यांच्यामध्ये उभा असलेला हा कारभारी आहे. कारभारी बदलला की दप्तर ठेवण्याची रीतही बदलते, आणि अडचणीची सुरुवात तेथून होते. नवीन यंत्र आले म्हणून जुने अडगळीत टाकावे, तर त्यातील नोंदींचे काय? ग्रामपंचायतीच्या करआकारणीची दर चार वर्षांनी फेरतपासणी होते, तेव्हा मागील आकारणी समोर असावी लागते. नमुना ८ ची ती नोंद केवळ जुन्या संगणकातच, आणि तीही जुन्या फॉण्टमध्ये असेल, तर तो संगणक भंगारात देणे म्हणजे दप्तराचा एक गठ्ठा जाळून टाकण्यासारखेच आहे. म्हणून दप्तर नव्या यंत्रावर येईपर्यंत दोन्ही संगणक चालू ठेवणे भाग असते. टेबल मात्र एक असते आणि धड चालणारा मॉनिटरही बहुधा एकच.

या अडचणीवरचा उपाय सोपा आणि स्वस्त आहे. मॉनिटरला कार्यप्रणालीचा गंधही नसतो. संगणकाच्या चित्रकार्डाकडून येणारा संकेत पडद्यावर उमटविणे एवढेच त्याचे काम, आणि तो संकेत विंडोजचा आहे की लिनक्सचा याच्याशी त्याला कर्तव्य नसते. कळफलक आणि माऊस यांचेही जवळजवळ असेच आहे. कोणती कळ दाबली हे ते कळवितात, अर्थ लावतो तो संगणक. तेव्हा एकच पडदा दोन निरनिराळ्या कार्यप्रणालींच्या संगणकांना आळीपाळीने देण्यास कसलीही तांत्रिक आडकाठी नाही.

पहिला मार्ग जवळजवळ बिनखर्चाचा आहे. मॉनिटरच्या पाठीमागे पाहावे. १९८७ पासून प्रचारात असलेली, पंधरा छिद्रांची व्हीजीए खोबण तेथे बहुधा असते आणि तिच्याशेजारी चपटी एचडीएमआय खोबणही असते. जुना संगणक व्हीजीए केबलने आणि नवा एचडीएमआय केबलने जोडावा. मॉनिटरच्या कडेला असलेले ‘सोर्स’ किंवा ‘इनपुट’ हे बटण दाबले की पडदा एका संगणकाकडून दुसऱ्याकडे जातो. कळफलक व माऊस मात्र दोन-दोन ठेवावे लागतात. टेबलावर तेवढी जागा नसेल, तर बाजारात ‘केव्हीएम स्विच’ नावाची छोटी पेटी मिळते. कीबोर्ड, व्हिडिओ आणि माऊस या तीन शब्दांच्या आद्याक्षरांवरून तिला हे नाव पडले. दोन्ही संगणक तिला जोडले की एका बटणाने तिन्ही गोष्टी एकदम बदलतात. ‘स्क्रोल लॉक’ ही एरवी कोणाच्या कामी न येणारी कळ लागोपाठ दोनदा दाबूनही अनेक पेट्यांत हीच अदलाबदल होते.

खरेदीपूर्वी मात्र जुन्या संगणकाची मागील बाजू नीट पाहिली पाहिजे. तेथे जांभळ्या व हिरव्या रंगाच्या गोल खोबणी असतील, तर त्या जुन्या पद्धतीच्या कळफलकाच्या व माऊसच्या. यूएसबीची पेटी घ्यायची असल्यास त्या संगणकाला यूएसबी खोबणीही असाव्या लागतात. संगणकाची बाजू व्हीजीए आणि पेटीची बाजू एचडीएमआय असेल, तर साधी केबल चालत नाही. व्हीजीएचा संकेत वेगळ्या जातीचा असल्याने मध्ये परिवर्तक लागतो, आणि तो एकाच दिशेने काम करतो. व्हीजीएकडून एचडीएमआयकडे नेणारा परिवर्तक उलटा लावून चालत नाही. असा चुकीचा परिवर्तक घरी आणून ‘मॉनिटर बिघडला’ असा निष्कर्ष काढला जाणे अगदी शक्य आहे.

आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवावी. संगणक सुरू होताना समोर कोणता मॉनिटर आहे याची चौकशी करतो आणि मॉनिटर आपली मापे त्याला कळवितो. त्या क्षणी पडदा दुसऱ्या संगणकाकडे असेल, तर स्वस्त पेट्यांत या चौकशीला उत्तर मिळत नाही. मग संगणक अंदाजाने लहान माप धरतो आणि नंतर पाहावे तो अक्षरे फताडी व पसरट दिसतात. यात बिघाड काही नाही. पडदा त्या संगणकाकडे वळवून तो पुन्हा सुरू केला की बहुतेक वेळा मापे जुळतात.

पडदा बदलण्याविषयी दोन गैरसमज हमखास आढळतात. एक म्हणजे पडदा बदलला की फाईलही इकडून तिकडे गेली. तसे काही होत नाही. दोन्ही संगणकांची दप्तरे पूर्वीसारखीच अलग राहतात. दुसरा म्हणजे पडद्यावरून गेलेला संगणक बंद झाला. तोही चालूच असतो, वीज खातच असतो आणि भारनियमनाच्या वेळी यूपीएसवर भार टाकतच असतो. याखेरीज एक धोका थेट दप्तराला आहे. एकाच कळफलकावरून दोन संगणक चालविताना आपण कोणत्या संगणकात आहोत याचा विसर पडतो आणि पुसून टाकण्याची कळ भलत्याच ठिकाणी दाबली जाते. यावर उपाय साधा आहे. जुन्या संगणकाची पार्श्वभूमी पिवळी आणि नव्याची निळी करून ठेवावी.

मग एकाच संगणकात दोन्ही कार्यप्रणाली का बसवू नयेत, असा प्रश्न येईल. तसे करता येते, पण दोन्ही एका वेळी चालत नाहीत. प्रत्येक वेळी संगणक बंद करून पुन्हा सुरू करावा लागतो. शिवाय एक गमतीचा, पण कार्यालयाला न परवडणारा घोळ होतो. यंत्राच्या आतील घड्याळात विंडोज स्थानिक वेळ ठेवते, तर लिनक्स सामान्यतः जागतिक प्रमाणवेळ ठेवते. भारतीय वेळ तिच्याहून साडेपाच तास पुढे आहे. त्यामुळे लिनक्समधून विंडोजमध्ये आल्यावर सकाळी अकरा वाजता पडद्यावर पहाटेचे साडेपाच दिसतात, आणि त्या वेळी केलेल्या फाईलवरही तोच शिक्का बसतो. ही वेळ जुळविता येते, पण ती जुळविली आहे की नाही हे पाहणारा जाणता माणूस हवा. जेथे तो नाही, तेथे दोन स्वतंत्र संगणक आणि एक पडदा हीच व्यवस्था बरी.

खरे काम याच्या पुढचे आहे, आणि ते आहे अक्षरांचे. युनिकोड रुळण्यापूर्वी मराठी मजकूर ज्या फॉण्टमध्ये लिहिला जाई, त्या प्रत्येकाची अक्षरे साठविण्याची रीत वेगळी होती. भारतीय मानक ब्यूरोने १९९१ मध्ये भारतीय लिप्यांसाठी संकेतप्रणालीचे मानक दिले होते, तरी बाजारातील फॉण्ट आपापल्या वाटेने गेले. असा मजकूर नव्या संगणकावर उघडला की मराठीऐवजी रोमन अक्षरांचा चिवडा दिसतो. रूपांतर करणारे कार्यक्रम उपलब्ध आहेत, परंतु त्यांच्यावर आंधळा विश्वास टाकता येत नाही. जुन्या फॉण्टमध्ये अक्षरे डोळ्यांना दिसतात त्या क्रमाने साठविलेली असतात. ‘मिरज’मध्ये वेलांटी आधी आणि ‘म’ नंतर. युनिकोड उच्चाराचा क्रम पाळते, तेथे ‘म’ आधी येतो. ‘शिराळा’, ‘विटा’ या नावांचीही तीच गत. रफाराचे उलट आहे. ‘सूर्यवंशी’मधील रफार जुन्या रीतीत ‘य’च्या नंतर येतो, युनिकोडमध्ये आधी. रूपांतरात ही उलटापालट एखाद्या ठिकाणी चुकली, की आडनाव बदलते.

सातारा जिल्ह्याला तर यात स्वतःचेच एक उदाहरण आहे. ‘कऱ्हाड’ या नावातील आडवा अर्धा ‘र’ रूपांतरात कित्येकदा साधा रफार होऊन ‘कर्हाड’ असा बाहेर पडतो. तो बरोबर उमटला तरी युनिकोडमध्ये त्याच्या लेखनाच्या दोन रीती आहेत. दोन्ही डोळ्यांना सारख्याच दिसतात, पण साधा शोध घेताना संगणक त्यांना निरनिराळे शब्द समजू शकतो. एका रीतीने लिहिलेले नाव दुसऱ्या रीतीने शोधले तर ‘नोंद आढळत नाही’ असे उत्तर येते, आणि नोंद तर तेथेच असते. म्हणून कोणती एक रीत वापरायची हे कार्यालयाने आधी ठरवून घ्यावे. नव्या नोंदींसाठी इन्स्क्रिप्ट कळफलक वापरल्यास विंडोज आणि लिनक्स या दोहोंत कळांची जागा जवळपास तीच राहते, हा एक कळफलक वापरणाऱ्याला आणखी एक फायदा.

रूपांतरित मजकुराचा ताळा घेताना पडदा सारखा मागे-पुढे करून चालणार नाही. प्रत्येक अदलाबदलीला दोन-तीन सेकंद जातात आणि नजरेतील ओळ सुटते. जुन्या संगणकावरून छापील प्रत काढावी, एकाने ती मोठ्याने वाचावी आणि दुसऱ्याने नव्या पडद्यावर पाहत जावे. जुन्या काळी नक्कल तपासण्याची हीच रीत होती आणि ती अजूनही सर्वात भरवशाची आहे.

जुना संगणक इंटरनेटला जोडू नये. एक्सपीला निर्मात्यांकडून मिळणारे सर्वसाधारण संरक्षण ८ एप्रिल २०१४ रोजी, विंडोज ७ चे १४ जानेवारी २०२० रोजी आणि विंडोज १० चे १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपले. २०२० पासून आलेले ई-ग्रामस्वराज काय किंवा शाळांची यू-डायस प्लसची माहिती काय, ही कामे ब्राउझरमधून होतात आणि ती नव्या संगणकावरच करावीत. डिजिटल स्वाक्षरीचे टोकन पेटीत न लावता थेट नव्या संगणकाला लावावे आणि त्या कार्यप्रणालीसाठी टोकनचा चालक-कार्यक्रम मिळतो का, हे संगणक घेण्यापूर्वीच विचारावे. फाईल नेण्यास एक पेन ड्राइव्ह राखून ठेवावा. तो एफएटी-३२ पद्धतीचा असला की दोन्ही कार्यप्रणाली तो वाचतात. मात्र त्यावर ४ जीबीहून मोठी एकच फाईल मावत नाही.

हे काम ‘सवडीने करू’ म्हणून पुढे ढकलले जाते, आणि सांगली जिल्ह्याला ही चालढकल महागात पडू शकते. ऑगस्ट २०१९ मध्ये सांगलीच्या आयर्विन पुलापाशी कृष्णेचे पाणी ५७ फुटांच्या वर गेले. तेथील धोक्याची पातळी ४५ फूट आहे. जुलै २०२१ मध्ये कृष्णा पुन्हा पात्राबाहेर आली. कार्यालयात पाणी शिरते तेव्हा भिंतीवरचे कपाट उशिरा भिजते. सर्वांत आधी भिजतो तो टेबलाखाली जमिनीवर ठेवलेला सीपीयूचा डबा, आणि जुन्या संगणकाला जागा मिळते ती नेमकी तेथेच. नदीकाठच्या गावांत दोन्ही डबे टेबलाच्या उंचीवर ठेवावेत आणि नोंदींची एक प्रत इमारतीबाहेर, शक्य तर दुसऱ्या गावी असावी.

वारणेच्या प्रकल्पातही पुढे असाच प्रसंग आला होता. केंद्रांवरील जुने संगणक प्रामुख्याने उसाच्या नोंदी व हिशेब पाहण्यापुरतेच उरले, तेव्हा २००६-०७ च्या सुमारास सात गावांत ते काम मोबाइलच्या लघुसंदेशांवर नेऊन पाहण्यात आले. जुन्या यंत्राकडे नेमके कोणते काम उरले आहे, हे आधी पाहिल्यामुळेच ते शक्य झाले.

सर्व नोंदी नव्या संगणकावर आल्या, त्यांचा ताळा झाला आणि दुसरी प्रत सुरक्षित ठेवली, की जुन्या संगणकाचे निर्लेखन करावे. जडवस्तू संग्रह नोंदवहीत तशी नोंद घ्यावी. त्याची हार्डडिस्क काढून, तिच्यावर कार्यालयाचे नाव, नोंदींचे वर्ष आणि फॉण्टचे नाव लिहून ती कपाटात कुलपात ठेवावी. उरलेला डबा ई-कचऱ्याच्या नियमांनुसार नोंदणीकृत पुनर्वापर केंद्राकडे द्यावा. मॉनिटर, कळफलक आणि माऊस मात्र जागेवरच राहतील.