माशांचा रंग व माशांची जात
(सामान्य विज्ञान : इयत्ता ५ वी ते ७ वी)



मी शिक्षक असताना एका विद्यार्थ्याने डोहात पिवळाधमक मासा पाहिल्याचे वर्गात सांगितले. "रोगट असेल," असे म्हणून मी पाठ पुढे चालविला. तो मुलगा पुन्हा काही सांगावयास आला नाही. माझे उत्तर चुकले; त्याहून मोठी चूक ही की, मी त्याला एकही प्रश्न विचारला नाही. असा प्रसंग आल्यास उपयोगी पडावा म्हणून हा पाठ देत आहे.

उद्देश : सारख्या दिसणाऱ्या माशांत रंगभेद का आढळतो, हे निरीक्षणाने समजावे.

विवेचन : रंगभेदाची मुख्यतः तीन कारणे सांगता येतील.

१. परिसर : माशाच्या त्वचेत काळ्या, पिवळ्या-तांबड्या व चकाकणाऱ्या रंगपेशी असतात. काळ्या पेशींतील रंगकण पसरले की मासा गडद दिसतो, आकसले की फिकट. म्हणून वाळूवरचा मासा उजळ व खडकाळ डोहातील काळसर दिसतो.

२. जन्मजात भेद : क्वचित एखाद्या पिलात काळा रंग तयारच होत नाही किंवा फार कमी होतो, मग तो मासा पिवळा दिसतो. तो रोग नव्हे. मात्र असा मासा पक्ष्यांच्या नजरेस चटकन पडत असल्याने नदीत फारसा टिकत नाही. अमेरिकेतील वेस्ट व्हर्जिनिया राज्याच्या मत्स्यसंवर्धन केंद्रात १९५५ मध्ये ट्राउट माशांत असे एक पिवळ्या छटेचे पिलू आढळले. त्याच्यापासून वाढविलेले सोनेरी मासे १९६३ मध्ये गळाने मासेमारी करणाऱ्यांसाठी नद्यांत सोडण्यात आले.

३. निराळी जात : कधी रंगभेद हा वेगळ्या जातीची खूण असतो. रायगड जिल्ह्यातील वाळणकोंड येथे देवाचा म्हणून राखलेला महसीर आपल्यापैकी काहींनी पाहिला असेल. कावेरीत याचाच एक भाऊबंद आहे. त्याच्या पाठीवर उंचवटा असून पर नारिंगी असतात. तो ५० किलोंहूनही अधिक वाढतो. १९७० च्या दशकापासून लोणावळ्यास वाढविलेली निळसर परांच्या महसीरांची पिले कावेरीत सोडली गेली. ती वाढली, नारिंगी परांचा मासा मात्र विरळ झाला. तो 'टोर रेमादेवी' ही स्वतंत्र जात असल्याचे २०१८ मध्ये शास्त्रज्ञांनी दाखविले आणि त्याच वर्षी तिची नोंद अतिसंकटग्रस्त म्हणून झाली. "दोन्ही महसीरच, फरक काय तो रंगाचा," असे म्हणून थांबणे किती महाग पडू शकते, हे यावरून ध्यानात येईल.

कृती : ओढ्यातील एकाच प्रकारचे चार लहान मासे आणावेत. दोन पांढऱ्या व दोन काळ्या पसरट भांड्यात, ओढ्याच्याच पाण्यात, सावलीत ठेवावेत. दोन-तीन तासांनी चारही एका भांड्यात घेऊन लगेच तुलना करावी. भांडी वेगळी असता डोळा फसतो. नंतर मासे जेथून आणले तेथेच सोडावेत.

स्वाध्याय : निराळ्या रंगाचा मासा दिसल्यास विद्यार्थ्यांनी वहीत पुढील नोंद करावी.
(अ) ठिकाण व दिनांक.
(आ) पाणी गढूळ की नितळ? तळ कसा?
(इ) असा मासा एकच होता की अनेक?
(ई) फरक केवळ रंगाचा, की अंगाची ठेवण व परही निराळे?

शेवटचे दोन प्रश्न विशेष महत्त्वाचे. मासा एकटाच असेल तर बहुधा जन्मजात भेद. अनेक असून ठेवणही निराळी असेल तर कदाचित वेगळी जात. निर्णय घाईने देऊ नये. "उद्या मला तो डोह दाखव," एवढे म्हटले तरी त्या दिवसाचा पाठ सफल झाला असे समजावे.